नैसर्गिक निवड कशी तपासावी: गुणांतील फरकापासून समष्टीतील बदलापर्यंत

‘थंडीत राहावे लागले म्हणून या प्राण्याने दाट केस वाढवले’, ‘शत्रूपासून लपण्यासाठी पतंगाने आपला रंग बदलला’ अशी वाक्ये आपण इतक्या सहजपणे वाचतो आणि लिहितो की त्यांतील चूक लक्षातही येत नाही. नैसर्गिक निवडीमुळे कोणताही एक प्राणी बदलत नसतो. तो ज्या गुणांसह जन्मला, बहुतांशी त्याच गुणांसह जगतो आणि मरतो. बदलते ती समष्टी, म्हणजे एका परिसरात राहून आपापसांत प्रजनन करणाऱ्या एकाच जातीच्या प्राण्यांचा समूह. आणि ती बदलते याचा अर्थ एवढाच की पुढच्या पिढीत काही गुणांचे प्रमाण वाढते व काहींचे घटते.

चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे विचार १८५८ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र वाचले गेले, त्यांचा गाभा तीन अटींत सांगता येतो. समष्टीतील प्राण्यांमध्ये फरक असला पाहिजे, त्या फरकाचा काही भाग आईवडिलांकडून अपत्यांकडे उतरला पाहिजे आणि त्या फरकामुळे जगण्याच्या किंवा अपत्ये होण्याच्या संख्येत तफावत पडली पाहिजे. या तिन्ही अटी पूर्ण झाल्या तर बदल अपेक्षित आहे, आणि यांपैकी एकही अट सुटली तर नैसर्गिक निवडीने उत्क्रांती होत नाही. यांतील प्रत्येक अट मोजता येते, आणि ती कशी मोजायची हे पुढे क्रमाने सांगितले आहे. स्वतः निरीक्षणे करणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत उपयोगी पडेलच. शिवाय ‘अमुक प्राणी उत्क्रांत होत आहे’ असा दावा वाचनात आल्यावर तो पारखून घेणाऱ्या वाचकालाही तिचा उपयोग होईल.

पहिली पायरी: समष्टी आणि गुण निश्चित करणे

सुरुवातीलाच समष्टीची सीमा ठरवावी. लहान बेट, तळे, धबधब्यांनी तोडलेला ओढ्याचा भाग अशी ठिकाणे अभ्यासकांना आवडतात, कारण तिथे कोण आले आणि कोण गेले याचा हिशोब ठेवता येतो. मोकळ्या माळरानावर दिसेनासा झालेला पक्षी मेला की उडून गेला हे कळणे अवघड असते, आणि हा एकच प्रश्न वर्षानुवर्षांचे काम निरुपयोगी करू शकतो.

गुण निवडताना तो नेमका मोजता येईल असा निवडावा. ‘चपळपणा’ हा गुण नव्हे. ठरावीक अंतर धावायला लागलेला वेळ हा गुण आहे. काही गुण चोचीच्या जाडीसारखे सलग असतात, म्हणजे त्यांचे कोणतेही मधले माप संभवते, तर काही गुण सुळे असणे किंवा नसणे यांसारखे तुटक असतात. सलग गुणांमागे बहुधा अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि तुटक गुणांमागे पुष्कळदा एक किंवा दोनच मोठी जनुके असतात. पुढची आकडेमोड कोणत्या प्रकारे करायची हे यावरूनच ठरते.

दुसरी पायरी: फरक मोजणे

जास्तीत जास्त प्राण्यांची मापे घ्यावीत आणि केवळ सरासरीवर समाधान मानू नये. निवड सरासरीवर काम करत नाही, ती फरकावर काम करते. म्हणून मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन काढलेच पाहिजे. दहा मिलिमीटर सरासरी असलेल्या दोन समष्टींपैकी एकीतील सर्व मापे साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान असतील आणि दुसरीतील आठ ते बारापर्यंत पसरलेली असतील, तर संकट आल्यावर त्या दोघींचे भवितव्य सारखे असणार नाही.

त्याच प्राण्याचे माप काही दिवसांनी पुन्हा घ्यावे. दोन मापांतील तफावत ही मोजणाऱ्याच्या हाताची चूक असते, आणि ती प्राण्या-प्राण्यांतील फरकाच्या जवळपास जात असेल तर आधी मोजण्याची पद्धत सुधारावी लागते. वय आणि लिंग यांची नोंद प्रत्येक मापासोबत हवी, कारण नर मादीपेक्षा मोठा असेल तर ‘मोठे प्राणी वाचले’ आणि ‘नर वाचले’ या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

१ फेब्रुवारी १८९८ रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या शहरात मोठे हिमवादळ झाले आणि गारठून पडलेल्या १३६ चिमण्या ब्राउन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्या गेल्या. त्यांतील ७२ पुन्हा सावरल्या आणि ६४ मेल्या. हर्मन बंपस यांनी वाचलेल्या व मेलेल्या चिमण्यांची मापे घेऊन त्यांची तुलना केली, आणि प्रत्येक पक्ष्याचे लिंग व सर्व मापे जशीच्या तशी छापली. त्यांचे काही निष्कर्ष नंतरच्या अभ्यासकांनी दुरुस्त केले. परंतु ती दुरुस्ती शक्य झाली याचे कारण मूळ आकडे उपलब्ध होते. मला हा त्या अभ्यासाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. बंपस यांच्या पद्धतीत एक अट मात्र तपासली गेली नव्हती, आणि तीच पुढची पायरी आहे.

तिसरी पायरी: फरक वारशाने उतरतो का, हे तपासणे

घाई करणारा अभ्यासक हीच पायरी गाळतो, आणि प्रसिद्ध होणाऱ्या बहुतेक चुकीच्या दाव्यांचे मूळ इथेच असते. एखादा प्राणी मोठा आहे तो मोठ्या आईवडिलांचा वारसा मिळाला म्हणून, की लहानपणी भरपूर अन्न मिळाले म्हणून, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. फरक निव्वळ पोषणामुळे पडलेला असेल तर दुष्काळात सगळे लहान प्राणी मेले तरी पुढच्या पिढीची सरासरी तसूभरही हलणार नाही.

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे कुटुंबांची तुलना. प्रत्येक जोडीतील आईवडिलांच्या मापांची सरासरी आलेखाच्या आडव्या अक्षावर आणि त्यांच्या पूर्ण वाढलेल्या अपत्यांची सरासरी उभ्या अक्षावर मांडावी. सर्व बिंदूंमधून जाणाऱ्या सर्वोत्तम सरळ रेषेचा उतार म्हणजे त्या गुणाचा आनुवंशिकता गुणांक. रेषा आडवी असेल तर गुणांक शून्य, म्हणजे आईवडिलांच्या मापावरून अपत्यांविषयी काहीच सांगता येत नाही. उतार एक असेल तर त्यांच्यातील फरक पूर्णपणे पुढे उतरतो. प्रत्यक्षातील बहुतेक गुण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात.

या पद्धतीतही एक फट आहे. चांगल्या जागी घरटे करणारे आईवडील स्वतः धष्टपुष्ट असतात आणि त्यांची पिल्लेही त्याच जागी चांगले खाऊन धष्टपुष्ट होतात. इथे साम्य जनुकांमुळे नसून जागेमुळे असू शकते. ही फट बुजवण्यासाठी घरट्यांची अदलाबदल करतात. कॅनडातील मँडार्टी बेटावर गाणाऱ्या चिमण्यांच्या बाबतीत असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्यांच्या घरट्यात वाढलेल्या पिल्लांच्या चोची पालनकर्त्यांच्या चोचींशी जुळल्या नाहीत, त्या जन्मदात्यांच्या चोचींशी जुळल्या. खाऊ घालणारे वेगळे असूनही चोच जन्मदात्यांच्या वळणावर गेली, म्हणजे फरकाचा मोठा भाग वारशाचा आहे हे सिद्ध झाले.

दोन वेगळ्या समष्टींची तुलना करायची असेल तर दोन्हींतील प्राणी एकाच प्रयोगशाळेत, सारख्या तापमानात आणि सारख्या अन्नावर वाढवावेत, आणि शक्य असेल तर दुसऱ्या पिढीपर्यंत वाट पाहावी, कारण आईच्या शरीरस्थितीचा परिणाम पहिल्या पिढीवर रेंगाळू शकतो. त्रिनिदादमधील ओढ्यांत राहणाऱ्या गप्पी माशांवर डेव्हिड रेझनिक आणि जॉन एंडलर यांनी केलेल्या कामात हेच पथ्य पाळले होते. १९७६ साली मोठ्या माशांना खाणाऱ्या शिकारी जातीच्या सहवासातील गप्पी अशा जागी सोडण्यात आले, जिथे गप्पी आधी नव्हते आणि तो शिकारीही नव्हता. अकरा वर्षांनी, म्हणजे गप्पींच्या सुमारे ३० ते ६० पिढ्यांनंतर, त्यांचे वंशज मूळ समष्टीपेक्षा उशिरा व मोठ्या आकाराचे झाल्यावर प्रजननक्षम होत होते. प्रयोगशाळेत सारख्या परिस्थितीत वाढवलेल्या दुसऱ्या पिढीतही हा फरक कायम राहिला, म्हणूनच त्याला उत्क्रांती म्हणता आले.

आनुवंशिकता गुणांक हा गुणाचा कायमचा धर्म नसतो, हे मात्र विसरू नये. तो त्या समष्टीपुरता आणि त्या परिस्थितीपुरता खरा असतो. अन्नाची परिस्थिती सर्वांसाठी सारखी झाली तर पोषणामुळे पडणारा फरक कमी होतो आणि जनुके तीच राहूनही गुणांक वाढतो.

चौथी पायरी: कोण टिकले आणि कोणाला अपत्ये झाली

यासाठी प्रत्येक प्राणी ओळखता आला पाहिजे. पक्ष्यांच्या पायात रंगीत कड्यांची जुळणी घालतात, माशांच्या त्वचेखाली रंगाचे ठिपके देतात, मोठ्या प्राण्यांच्या अंगावरील खुणांची छायाचित्रे ठेवतात. ठरावीक काळाने पुन्हा मोजणी करून कोण उरले ते पाहायचे आणि उरलेल्यांच्या सरासरीतून निवडीपूर्वीच्या सर्वांची सरासरी वजा करायची. या वजाबाकीला आपण निवड-अंतर म्हणू.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर केलेले काम याचा उत्तम नमुना आहे. १९७७ साली तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मध्यम भूचर फिंच या पक्ष्यांनी आधी लहान, मऊ बिया संपवल्या आणि नंतर उरली ती प्रामुख्याने सराट्याच्या जातकुळीतील कठीण, काटेरी फळे. ती फोडण्यासाठी जाड चोच लागते. पक्ष्यांची संख्या सुमारे १,२०० वरून १८० च्या आसपास आली. दुष्काळापूर्वी मोजलेल्या पक्ष्यांच्या चोचीची सरासरी जाडी ९.४२ मिलिमीटर होती, तर वाचलेल्यांची ९.९६ मिलिमीटर, म्हणजे निवड-अंतर ०.५४ मिलिमीटर. नर आकाराने मोठे असल्यामुळे तेच अधिक वाचले आणि एका मादीमागे अनेक नर अशी स्थिती झाली. लिंगाची नोंद नसती तर हा तपशील हातून निसटला असता.

या अभ्यासाला वजन येते ते कारण दाखवल्यामुळे. बियांची मोजणी झाली होती, त्यांचा कठीणपणा मोजला होता आणि कोणता पक्षी कोणती बी फोडतो हे प्रत्यक्ष पाहिले होते. ‘जाड चोचीचे पक्षी वाचले’ ही केवळ सांगड आहे. ‘जाड चोचीचे पक्षी कठीण फळे फोडू शकले म्हणून वाचले’ हा कार्यकारणभाव आहे, आणि तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्यातही एक गुंता असतो, कारण गुण एकमेकांना बांधलेले असतात. जाड चोच बहुधा रुंदही असते आणि तिचा मालक अंगानेही मोठा असतो. सर्व मापांचे एकत्रित विश्लेषण केल्यावर असे दिसले की त्या दुष्काळात जाड चोचीला थेट फायदा होता, रुंदीला मात्र उलट थोडा तोटा होता. तरीही जाडीबरोबर ओढली गेल्यामुळे रुंदीही वाढली. म्हणून जो गुण वाढलेला दिसतो, निवड त्याच्याच बाजूने झाली असे गृहीत धरता येत नाही.

सरासरीबरोबर निवडीचा आकारही पाहावा. एका टोकाला फायदा असेल तर निवड दिशात्मक असते; मधल्या मापांना फायदा असेल तर ती स्थिर राखणारी असते; दोन्ही टोकांना फायदा असेल तर ती फूट पाडणारी असते. उत्तर अमेरिकेतील गोल्डनरॉड या झाडाच्या खोडावर एका माशीच्या अळीमुळे गाठ तयार होते. लहान गाठीतील अळ्यांपर्यंत परजीवी गांधीलमाशी पोहोचते आणि मोठ्या गाठी पक्षी फोडतात. परिणामी मध्यम गाठीतील अळ्या तुलनेने सुरक्षित राहतात. अशा ठिकाणी सरासरी हललेली दिसणार नाही, पण निवड जोमाने चालू असेल. केवळ सरासरी पाहणारा ‘इथे काहीच घडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढेल.

पाचवी पायरी: पुढच्या पिढीचे भाकीत करणे आणि ते पडताळणे

आता हाती दोन आकडे आहेत. आनुवंशिकता गुणांकाला निवड-अंतराने गुणले की पुढच्या पिढीत अपेक्षित असलेला बदल मिळतो. पशुपैदासकारांनी रुजवलेले हे साधे समीकरण रानातल्या प्राण्यांनाही लागू पडते. डॅफ्नीवरील चोचीच्या जाडीचा गुणांक बराच वरचा होता. हिशोबासाठी तो ०.८ धरला तर ०.८ गुणिले ०.५४, म्हणजे सुमारे ०.४३ मिलिमीटर इतकी वाढ अपेक्षित ठरते. दुष्काळानंतर जन्मलेल्या पिढीच्या चोची खरोखरच दुष्काळापूर्वीच्या पिढीपेक्षा जाड निघाल्या. अर्धा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु एका कोरड्या वर्षाने, सगळे मिळून अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान असलेल्या बेटावर, मोजपट्टीला दिसेल एवढा बदल घडवला, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

भाकीत चुकले तर निराश होऊ नये, कारण चुकलेले भाकीत पुष्कळ शिकवते. स्कॉटलंडमधील रम बेटावरील तांबड्या हरणांत मोठ्या शिंगांच्या नरांना अधिक अपत्ये होतात आणि शिंगांचा आकार काही अंशी वारशाने उतरतो. समीकरणानुसार शिंगे वाढायला हवी होती, पण दीर्घकालीन नोंदींत ती वाढलेली आढळली नाहीत. याचे एक पटणारे स्पष्टीकरण असे की चांगले पोषण मिळालेल्या नराची शिंगेही मोठी होतात आणि त्याला अपत्येही अधिक होतात. म्हणजे यश शिंगांच्या वारशाने मिळालेल्या भागाशी जोडलेले नसून पोषणाने आलेल्या भागाशी जोडलेले असते. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे आकडे वेगवेगळे बरोबर असूनही एकत्र आणल्यावर फसवू शकतात ते असे.

सहावी पायरी: इतर कारणे वगळणे

गुणांचे प्रमाण निवडीशिवायही बदलते. बाहेरून आलेले प्राणी आपली जनुके घेऊन येतात, परिस्थितीमुळे वाढीत फरक पडतो आणि लहान समष्टीत निव्वळ योगायोगानेही एखादे जनुक पसरते किंवा नाहीसे होते. या शेवटच्या कारणाला जनुकीय अपवाह म्हणता येईल. पीटर बुरी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फळमाशांच्या १०७ लहान समष्टी ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पिढीत आठ नर व आठ माद्या यदृच्छेने निवडल्या जात. डोळ्यांच्या रंगाशी निगडित जनुकाची दोन रूपे सुरुवातीला सर्वत्र सम प्रमाणात होती. एकोणिसाव्या पिढीपर्यंत निम्म्याहून अधिक समष्टींमध्ये एक रूप पूर्णपणे नाहीसे झाले होते, काहींत हे तर काहींत ते. कोणाचीही बाजू निवडीने घेतलेली नव्हती.

म्हणून बदल दिसला की आधी विचारावे: एवढ्या लहान समष्टीत, एवढ्या पिढ्यांत, केवळ योगायोगाने हे होऊ शकले असते का? मोझांबिकमधील गोरोंगोसा येथील हत्तींच्या अभ्यासात हाच प्रश्न विचारला गेला. १९७७ ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात हस्तिदंतासाठी हत्तींची प्रचंड कत्तल झाली आणि त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. त्याच काळात बिनसुळ्यांच्या हत्तिणींचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ५०.९ टक्क्यांवर गेले. संख्या इतकी घटल्यावर योगायोगाची शंका रास्तच होती. परंतु संगणकावर हिशोब मांडून पाहिल्यावर योगायोगाने एवढी वाढ होणे अत्यंत असंभव ठरले. शिवाय युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणींपैकी सुमारे एक तृतीयांश बिनसुळ्यांच्या निघाल्या, म्हणजे गुण वारशाने उतरत होता. हा गुण क्ष गुणसूत्राशी जोडलेला असून नर गर्भाला घातक ठरत असावा असे पुरावे सांगतात, आणि बिनसुळ्यांचे नर तिथे का आढळत नाहीत हे त्यावरून उलगडते. वाचवणाऱ्या गुणाची किंमत पुढच्या पिढीतील नरांनी मोजावी, असा हा वारसा आहे.

इंग्लंडमधील मिरी पतंगाचा दाखला सर्वपरिचित आहे, पण त्याच्या पुराव्याचा शेवटचा दुवा तुलनेने अलीकडचा आहे. हा पतंग मुळात फिका, पण कारखान्यांच्या काजळीने काळवंडलेल्या झाडांवर काळे पतंग पक्ष्यांच्या नजरेतून सुटत असे मानले जाते. १८४८ साली मँचेस्टरमध्ये काळ्या पतंगाची नोंद झाली आणि १८९५ पर्यंत तेथील जवळजवळ ९८ टक्के पतंग काळे झाले. हवा स्वच्छ होऊ लागल्यावर काळ्यांचे प्रमाण पुन्हा घसरले. पक्षी खरोखर निवडून खातात का, याविषयी जुन्या प्रयोगांवर आक्षेप होते. मायकेल मेजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात ४,८६४ पतंग सोडून, त्यांच्या नैसर्गिक विसाव्याच्या जागा लक्षात घेऊन प्रयोग पुन्हा केला. काळ्या पतंगांचे टिकण्याचे दैनिक प्रमाण फिक्यांपेक्षा सुमारे एक दशांशाने कमी आढळले, आणि त्या काळात दिसलेली घसरण घडवायला तेवढी तफावत पुरेशी होती.

सातवी पायरी: मोजत राहणे

एका वर्षाच्या मापांवरून दिशा ठरवू नये. डॅफ्नीवर १९८२-८३ च्या एल निनोने अतिवृष्टी आणली, लहान बियांचे पेव फुटले आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचींचे पक्षी सरस ठरले. त्या एल निनोच्या सुमारासच मोठा भूचर फिंच त्या बेटावर स्थायिक झाला होता आणि २००४-०५ मध्ये अन्न आटल्यावर मोठ्या बियांवर त्यानेच ताव मारला. मध्यम फिंचांमध्ये या वेळी जाड चोचीचेच पक्षी अधिक मेले. दुष्काळ दोन्ही वेळा होता, पण प्रतिस्पर्धी आल्यामुळे निवडीची दिशा उलटली.

कधी कधी तर गुणाचे मोल तो किती जणांकडे आहे यावरच ठरते. कॅलिफोर्नियातील एका लहान सरड्यामध्ये नारिंगी, निळ्या आणि पिवळ्या गळ्याचे नर असतात. नारिंगी आक्रमक नर निळ्यांवर मात करतात, पिवळे चोरटेपणाने नारिंग्यांच्या क्षेत्रात शिरून माद्यांशी संग करतात आणि निळे आपल्या मादीची राखण करून पिवळ्यांना रोखतात. जो प्रकार फार वाढतो त्याचा प्रतिस्पर्धी वरचढ होतो, आणि म्हणून तिन्ही टिकून राहतात. इथे निवड फरक संपवत नाही, उलट जपते.

आठवी पायरी: माणसाने घडवलेली निवड ओळखणे

ही पद्धत वन्यजीव आणि मासेमारीच्या व्यवस्थापनात थेट वापरता येते. फ्लोरिडातील पँथरची संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला २० ते ३० वर आली होती आणि वाकड्या शेपट्या, न उतरलेली वृषणे असे जवळच्या नात्यांतील प्रजननाचे दोष दिसत होते. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या. त्यानंतर हे दोष कमी झाले आणि संख्या वाढली. निवडीला काम करण्यासाठी लागणारा फरकच संपत चालला असेल तर अधिवास राखणे पुरेसे होत नाही, फरक बाहेरून आणावा लागतो.

मासेमारीत उलट प्रश्न येतो. लहान मासे सोडून मोठे पकडावेत हा नियम शहाणपणाचा वाटतो, परंतु त्यात लवकर आणि लहानपणीच प्रजनन करणाऱ्यांची निवड दडलेली असते. डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी अटलांटिक सिल्व्हरसाइड या माशाच्या प्रयोगशाळेतील समष्टींवर हे तपासून २००२ साली प्रसिद्ध केले. काही समष्टींतून प्रत्येक पिढीतील सर्वांत मोठे ९० टक्के मासे काढले, काहींतून सर्वांत लहान ९० टक्के. चौथ्या पिढीपर्यंत, लहान मासे काढलेल्या समष्टीतून मिळणारे एकूण वजन मोठे मासे काढलेल्या समष्टीच्या जवळजवळ दुप्पट झाले. पुढे निवडक पकड थांबवल्यावर खुजे झालेले मासे पाच पिढ्यांत काही प्रमाणात सावरले, पण मूळ आकार परत आला नाही. त्याला सुमारे बारा पिढ्या लागतील असा अंदाज निघाला. सिल्व्हरसाइडची पिढी एका वर्षाची असते. ज्या माशांना प्रजननक्षम व्हायलाच अनेक वर्षे लागतात त्यांच्यासाठी पकडीचे नियम ठरवताना या बारा पिढ्यांचे वर्षांत रूपांतर करून मगच जाळ्याच्या छिद्राचा आकार निश्चित करावा.